दहा मिनिटांनी

जुन्या मॉनिटरच्या काचेत
पावतीचा नमुना कायमचा उठला होता.
बंद केला तरी दिसायचं:
नाव, गाव, पोती, तूट, तोलाई.
अकरा वर्षं तीच एक चौकट उघडी.
भूपालशेठ म्हणायचे, "काचेलाबी सवय लागती, माणसागत."

एकोणीसच्या ऑगस्टात तो गेला,
गावभागातल्या गोदामाबरोबर.
आता हा सपाट. मिरजेच्या तौफिक मुजावरनं
साडेचार हजारात बसवून दिलेला, आत लिनक्स.
"मिंट म्हणतात, काका. फुकट असतं."
हळदीच्या पेढीत पुदिना. असो.

सपाट काचेवर काही उठत नाही, म्हणाला,
सेव्हरची गरजच नाही.
पण दीड ते तीन सौदे थांबतात,
पंखा तेवढा बोलत असतो
आणि काळ्या पडद्यात माझंच तोंड दिसतं.
मला दुसरं काहीतरी हवं होतं.

सेटिंगमध्ये शोधला.
तिथं एकच प्रश्न: किती मिनिटांनी काळं करू?
मग फोनवर तौफिक सांगत गेला,
मी कोऱ्या पावतीच्या पाठीवर लिहीत गेलो:
सुडो, मग जागा. ॲप्ट, मग जागा.
"जागा सोडा, काका, जागा. सगळं चिकटलंय."
पासवर्ड टाकला तर एक ठिपका उमटेना.
तीनदा वाटलं, कीबोर्ड मेला.
"दिसत नाही," तो म्हणाला, "पण पोचतं."
रुमालाखाली बोटं दाबून भाव ठरायचा
त्या बाजारात माझी तीस वर्षं गेली.
मला हे कळायला हवं होतं.

यादी उघडली. दोनशेच्या वर नावं,
प्रत्येकापुढे खुणेचं घर,
शेजारी बोटभर खिडकीत नमुना.
उड्या मारणारी गाय पाहिली.
पंख फुटलेला टोस्टर.
नळ एकमेकांत घुसत जाणारे,
कुठल्याच तोटीला न पोचणारे, आमच्या वॉर्डासारखे.
रोज एकाला खूण करायचो,
दहा मिनिटं लिहून, हात मांडीवर ठेवून
वाट बघायचो.

मंगळवारी एकाला खूण केली. नाव नीट वाचलं नव्हतं.
दहा मिनिटांनी माझाच पडदा,
उघडी खातेवही तशीच,
पाण्याखाली गेली.
वरून थेंब पडत होते. आकडे हलत होते.
नाव, गाव, पोती.

धुळाप्पा बाटली भरायला आला होता.
दारात थांबला. बघत राहिला.
मग काही न बोलता
धोतर गुडघ्यावर घेतलं.

त्या रात्री सतरा पोती त्यानं एकट्यानं माळ्यावर टाकली.
अठराव्याला पाणी कमरेला लागलं.
पिवळं पाणी.
लग्नघरात सांडावं तसं पिवळं.

मी माऊस हलवला.
खातेवही कोरडी, जिथल्या तिथं.
"शिरवाडकडची गाडी आली का?" मी विचारलं.
"न्हाई अजून," तो म्हणाला.
धोतर सोडायचं त्याच्या ध्यानात आलं नाही.

खूण काढली.
तौफिक म्हणाला, मजकूर दाखवणाराही आहे एक,
जुन्या हिरव्या अक्षरांचा, टाका काय हवं ते.
मी टाकलं:
चहाला गेलोय, बसा, येतोच.

परत आलो तर पडद्यावर एक अक्षर नव्हतं.
हिरवे चौकोन.
चौकोनाला लागून चौकोन,
जरा थांबून पुन्हा चौकोन.
आपली लिपी त्याच्याकडं नव्हती.

धुळाप्पा बाकावर बसून बघत होता,
ओठ हलत होते,
एक बोट हवेत पुढं सरकत होतं.
"अठरा," तो म्हणाला.
मग जवळ जाऊन, काचेला हात न लावता,
"थप्पी बरी लागलीया. कोरडी हायत."

फॉन्ट कसा घालायचा
त्याचा निरोप तौफिकनं पाठवलाय.
अजून उघडला नाही.